लुखोना वॉर्डातला एक

लुखोनाच्या दवाखान्यात मी वीस वर्षं नर्स आहे. या वीस वर्षांत माझ्या तोंडून एकाही पेशंटची गोष्ट बाहेर पडलेली नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. कोणाला कसलं दुखणं, कोण मागच्या दाराने गोळ्या न्यायला येतं, कोणाच्या पोराचा बाप कोण, सगळं माझ्या पोटात. सिस्टर नसाम्बूला सांगणं आणि विहिरीत दगड टाकणं सारखंच, असं लोक म्हणायचे, आणि मलाही ते ऐकायला गोड वाटायचं. मग काउंटीने ती विहीर उपसायला पंप पाठवला.

पंपाचं नाव कोर्नेलियस मकोखा. काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यात आकडेवारीचा साहेब, वय तिशीच्या आत, बुटांची टोकं अशी की आंबा सोलता यावा. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगते. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. हा प्रत्येक वेळी "थँक यू मॅडम, चांगला मुद्दा मांडलात" म्हणायचा आणि पुन्हा नवा घोळ घालायचा.

एप्रिलमध्ये चीफच्या कचेरीपुढच्या मैदानावर तंबू पडला. सोडा आला, पाव आले, मोठा पडदा आला. मकोखाने माइक हातात घेतला आणि काउंटीचा डॅशबोर्ड आजपासून सगळ्या जगासाठी खुला झाल्याचं जाहीर केलं. आपापल्या फोनवर उघडा, कोणत्या वॉर्डात, म्हणजे गावांच्या कोणत्या गटात, किती मलेरिया, किती बाळंतपणं, किती लसी, सगळं बघा. सरकारचं आता काही झाकलेलं नाही.

"आणि लोकांचं?" मी विचारलं. वीस वर्षांच्या सवयीने विचारलं गेलं.

"मॅडम, एकाही माणसाचं नाव नाही!" तो हसून म्हणाला. "नाव नाही, फोन नंबर नाही, आयडी नाही. फक्त आकडे. आकड्याला तोंड नसतं."

मग त्याने पानं उलटायला सुरुवात केली. मलेरिया लाल रंगात, संडास निळ्या रंगात. लोक पाव खात बघत होते. मग आलं कुटुंब नियोजन. डावीकडे वॉर्डांची नावं, उजवीकडे आकडे. आणि त्यात एक रकाना पुरुष नसबंदीचा. वरपासून खालपर्यंत शून्य, शून्य, शून्य. लुखोनासमोर एक.

"बघा!" मकोखाला अगदी भरून आलं. "अख्ख्या सब-काउंटीत हे धाडस फक्त तुमच्या वॉर्डाने दाखवलंय. टाळ्या वाजवा!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुरुषांनी हात उचलले होते, ते तसेच राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, "कोण रे तो?"

"ते कधीच कोणाला कळणार नाही," मकोखा म्हणाला. "नावच नाही ना!"

तिसऱ्या रांगेत मुयुंडो बसला होता. ताठ बसून तोही टाळ्या वाजवत होता. मला मात्र तिथेच घाम फुटला, कारण तो एक म्हणजे मुयुंडोच होता, आणि ते जगात चौघांनाच ठाऊक होतं. त्याला, त्याच्या बायकोला, हॉस्पिटलच्या डॉक्टरला आणि मला.

मुयुंडो आमच्याकडे पोरांची सुंता करतो. बापजाद्यांपासून त्यांच्या घराण्याकडे सुरी आहे. वर्षाआड ऑगस्टात पोरं घंटा वाजवत गावभर नाचतात, पहाटे नदीवर चिखल माखून येतात आणि बापाच्या अंगणात ताठ उभी राहतात, तेव्हा समोर मुयुंडो असतो. त्याचा हात असा की पोराला पापणी लववायलाही वेळ मिळत नाही. अशा माणसाने स्वतः हॉस्पिटलात आडवं होऊन दुसऱ्याच्या सुरीखाली जावं, आणि तेही तिथे! हे फुटलं असतं तर एकाही बापाने त्याला अंगणात उभं केलं नसतं. त्याच्या हातची पोरं वांझ निघतील, असं म्हणायला लोकांना कितीसा वेळ लागतो?

पण नवव्या बाळंतपणात नंजाला, त्याची बायको, माझ्या डोळ्यांदेखत जायची राहिली होती. रक्त थांबत नव्हतं. पुन्हा दिवस गेले तर वाचणार नाही, असं डॉक्टरने सांगितलं. गोळ्यांनी तिचा रक्तदाब चढायचा, सुईने अंगावरून जाणं थांबायचं नाही, आणि तिचंच ऑपरेशन करायला तिला भूल सोसणार नव्हती. मग एक दिवस मुयुंडो माझ्यासमोर येऊन बसला आणि टोपी कुरवाळत म्हणाला, "सिस्टर, मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलो, हलू नका. आता मीच नाही हललो म्हणजे झालं." मी त्याला चिठ्ठी लिहून दिली. तो गेला, करून आला, आणि मोटरसायकलवरून पडलो म्हणून आठवडाभर घरात झोपून राहिला. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला होता की सांगता सोय नाही. आणि सांगायची सोय नव्हतीच.

आमच्या कुंपणापलीकडे वालुबेंगो मास्तरांचं अंगण. तिथे संध्याकाळी बुशाचं मडकं मांडतात आणि पुरुष भोवती बसून लांब नळ्यांनी ती दारू ओढतात. माझा नवरा सितुमा तिथलाच, मुयुंडोही तिथलाच. ही सगळी मंडळी बाकोकी, म्हणजे एकाच ऑगस्टात सुंता झालेली. बाकोकींनी एकमेकांना काहीही बोलावं, अगदी मयताला येऊनही टिंगल करावी, पण राग धरायचा नाही, हा रिवाज. त्या संध्याकाळी मडक्याभोवती पहिल्यांदाच नळ्यांइतकेच फोन होते.

"मास्तर, इथे वयाचं काय विचारतोय हा?"

"वयोगट निवडा म्हणतोय. थांब. पंचेचाळीस ते एकोणपन्नास... एक!"

"अरे देवा! म्हणजे आपल्यातलाच!"

"मुलं किती, तेही विचारतोय."

"विचारतोय तर सांगा की. सरकारशी खोटं बोलू नये."

"पाच किंवा जास्त... एक."

"चला, मुकाम्बी सुटला. त्याला चारच."

"चार घरातली," मुकाम्बी म्हणाला. "बाकीची मोजायला सरकारला पत्ता द्यावा लागेल."

हशा पिकला. मुयुंडोचं हसणं सगळ्यांत मोठं ऐकू आलं. मी इकडे भाजी चिरत होते, आणि माझं बोट कापलं.

सकाळी मी मकोखाला फोन लावला. "अरे बाबा, तो एक काढून टाक."

"पण मॅडम, नाव कुठे आहे त्यात?"

"लुखोनात नाव लागतंच कुठे? इथे चिखलातल्या चपलेच्या ठशावरून माणूस ओळखतात. तू तर वय दिलंस, पोरं दिलीस, वॉर्ड दिलास. आता फक्त त्याच्या दारापर्यंत हात धरून न्यायचं बाकी ठेवलंस!"

"थँक यू मॅडम, चांगला मुद्दा मांडलात," तो म्हणाला. "यावर नियमच आहे. पाचाहून लहान आकडा झाकायचा. आजच करतो."

आणि खरंच केलं. दुपारी उघडून बघते तर लुखोनासमोरचा एक गेला होता आणि तिथे एक छोटासा तारा आला होता. बाकी सगळीकडे शून्य तसंच, कारण शून्यात लपवण्यासारखं काय असतं? आणि खाली सब-काउंटीची बेरीज एक.

"हे गणित मी तिसरीला शिकवत होतो," कुंपणापलीकडे मास्तर म्हणाले. "आणि तिसरीतही कोणी चुकत नव्हतं."

त्या दिवसापासून बाकोकी एकमेकांना तारा म्हणू लागले. काय रे ताऱ्या, जेवलास का ताऱ्या. आधी नुसता आकडा होता, तेव्हा चार लोक बोलत होते. आता झाकलंय म्हटल्यावर बाजारातल्या मासळीवाल्याही विचारू लागल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण बोटांच्या फटीतून नाणं दिसत असलं तर त्या मुठीची किंमत काय?

मी पुन्हा फोन केला. या वेळी ओरडले. मकोखाने ते पानच काढून टाकलं. "मॅडम, आता मुळावरच घाव घातला," तो म्हणाला. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण डॅशबोर्डच्या कोपऱ्यात खाली तोंड केलेला एक बाण होता. तो दाबला की ज्या माहितीवरून ती पानं बनवली, ती सगळीच्या सगळी फोनमध्ये उतरायची. मकोखाने चित्र पुसलं होतं, रंगाची पेटी उघडीच ठेवली होती. मास्तर निवृत्त माणूस, त्यांना वेळच वेळ. त्यांनी तो बाण दाबला आणि आत ऑपरेशनचा महिनाही निघाला. नोव्हेंबर.

मग काय, नोव्हेंबरात कोण कुठे होता याची चौकशी सुरू झाली. पोलिसांनी कधी चोराची केली नसेल अशी. बहुतेक जण त्या महिन्यात जुन्या चीफच्या मयताला शवपेटी उचलायला होते, ते सुटले. चेमियाती ट्रक घेऊन युगांडात होता, त्याने पासपोर्टवरचा शिक्का मडक्याभोवती फिरवला. उरले दोघे. मोटरसायकलवरून पडलेला मुयुंडो, आणि मलेरियाने झोपलेला माझा नवरा.

लोकांचा कौल सितुमाकडे झुकला. साहजिकच होतं. नर्सचा नवरा!

"बायकोने घरच्या घरीच कापला असेल," चेमियाती म्हणाला.

"भाजीच्या सुरीने," मुकाम्बी म्हणाला. "बोटाला पट्टी बघितली नाहीस का वहिनीच्या?"

सितुमा घरी आला तो तणतणतच. पाच पोरांचा बाप, दीड एकर कॉफीचा मालक, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा. त्याने टोपी खाटेवर आपटली.

"सांग त्यांना."

"काय?"

"मी नाही म्हणून! तुझ्याहून जास्त कोणाला माहीत? कुंपणाशी उभी राहा आणि म्हण, माझा नवरा नाही. बस."

मी चुलीवरचं ढवळत राहिले.

"ऐकू येतं का, नसाम्बू?"

"दवाखान्यातलं काही मला बोलता येत नाही."

"मी दवाखान्यातला आहे का? मी घरातला आहे! मला मलेरिया झाला होता, तूच सुई टोचलीस!"

"मला बोलता येत नाही, सितुमा."

तो आणखी ओरडणार होता. मग त्याचं तोंड हळूहळू मिटलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मास्तर फोनकडे बघतात तसा.

"मी नाही, हे तू बोलायला तयार नाहीस," तो सावकाश म्हणाला. "माझ्यासाठीसुद्धा नाही. दोघांतला एक गेला की..." तो खाटेवर बसला. "अगं, तू तर त्या मकोखासारखीच निघालीस. झाकलंस ते दाखवायलाच."

वीस वर्षांत एक शब्द बोलले नव्हते, आणि न बोलता सांगून बसले होते. मला रडू कोसळलं. सितुमाने आणखी काही विचारलं नाही. नंजालाला त्या नवव्या बाळंतपणात दवाखान्यात आणताना तिच्या खाटेचं एक टोक त्यानेच धरलं होतं. माझं रडणं थांबेपर्यंत तो चुलीतली लाकडं मागेपुढे करत बसला.

दुसऱ्या दिवशी मडक्याभोवती पोरांचे बापही आले होते. ऑगस्टात सुरीला कोणाला बोलवायचं, हे ठरायचं होतं. एरवी यात ठरवण्यासारखं काही नसे. पण आता एक जण म्हणाला, "सगळं स्पष्ट होईपर्यंत पलीकडच्या डोंगरावरच्याला बोलवावं का?" मुयुंडोच्या नळीचा आवाज थांबला.

मग सितुमाचा आवाज आला. "पलीकडचा कशाला? मुयुंडोचा काय संबंध? तो तारा मी आहे."

कुंपणापलीकडे कोणाची तरी नळी जमिनीवर पडली.

"मीच," सितुमा म्हणाला. "बायको रोज कान खायची, मग गेलो आणि करून आलो. आता बघायचं असेल तर रांग लावा."

अशी आरडाओरड झाली की माझ्या कोंबड्या झाडावर चढल्या. "मी म्हटलं नव्हतं!" "नर्सचा नवरा!" "पोरगी झाला आमचा सितुमा!" त्या गदारोळात मुयुंडो एकदाही हसला नाही, असं सितुमाने मला नंतर सांगितलं.

शोध संपला. ऑगस्ट आला, घंटा वाजल्या, पोरं चिखलातून आली आणि अंगणाअंगणांतून मुयुंडोची सुरी फिरली. आमच्या वाट्याला काय आलं ते ऐका. माझ्या भावाकडे जेवायला गेलो. कोंबडीच्या पोटातला पेटा हा पुरुषाचा मान, जावयाच्या ताटात पडायचा असतो, तो वहिनीने उचलून माझ्या चुलतभावाच्या ताटात टाकला. ती हसत हसतच म्हणाली, "भावजींना आता कशाला?" सितुमाही हसला. परतीच्या वाटेवर मात्र तो माझ्याशी अवाक्षर बोलला नाही, आणि माझ्या काळजाला घरं पडली.

आणि मकोखा? तो प्रमाणपत्र घेऊन आला. माणूस स्वतःच पुढे आला म्हटल्यावर लपवायचं कारण उरलं नाही. सितुमाचा कोटातला फोटो डॅशबोर्डच्या पहिल्या पानावर चढला, खाली ठळक अक्षरात नाव, गाव, वॉर्ड आणि "लुखोनाचा आदर्श पुरुष". संमतीच्या कागदावर सही घेतली होती, सगळं नियमाने.

त्याच उत्साहात काउंटीने किसुमू शहरातल्या हॉटेलात तीन दिवसांचं शिबिर भरवलं, खाजगी माहिती कशी जपावी यावर. मीही गेले. तिथे मकोखाने सगळं नीट केलं, अगदी मनापासून. लहान आकडे झाकले. त्यांच्यासोबत बेरजाही झाकल्या, म्हणजे वजा करून काही निघू नये. छोटे वॉर्ड एकत्र केले, वयोगट रुंद केले, तो कोपऱ्यातला बाण बंद केला. आणि काही छापण्याआधी त्या गावच्या नर्सला विचारायचं, असाही नियम घातला. डॅशबोर्ड असा झाला की साक्षात देवाला त्यातून माणूस ओळखता येऊ नये. मी टाळ्या वाजवल्या. घोडा पळून गेल्यावर तबेल्याला इतकं सुरेख कुलूप मी आजवर पाहिलेलं नाही.

किसुमूहून आले आणि ऑक्टोबरात मला मळमळू लागलं.

मी त्रेचाळीस वर्षांची. अंगावरून जाणं वर्षभर मागेपुढे होत होतं. माझं संपत आलं असं मी धरून चालले होते, आणि दंडातल्या औषधाच्या काडीची मुदत संपली होती ती बदलायची राहून गेली होती. दिवसाला वीस बायकांना मी तेच बजावत होते, की काडीची तारीख विसरू नका, चाळिशीनंतरही राहतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी माझी तपासणी स्वतःच केली, आणि पट्टीवर दोन रेघा बघून तिथेच स्टुलावर बसले.

घरी सितुमाला सांगितलं. तो आधी आनंदाने उठला. मग त्याच्या ध्यानात आलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "माझा फोटो."

चार महिने सैल कपड्यांत काढले, पण पोट काही शिबिराला आलेलं नव्हतं. ते दिसायचं तेव्हा दिसलंच. आदर्श पुरुषाची बायको पोटुशी! मासळीवाल्यांनी लगेच हिशोब केला. मी मकोखाशी फोनवर किती बोलायचे, तो दवाखान्यात किती वेळा यायचा, आणि किसुमूच्या हॉटेलात तीन दिवस. ते ऐकून मला त्या पोराच्या टोकदार बुटांनीच कोणाला तरी तुडवावंसं वाटलं. चर्चमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली.

तेव्हा मुयुंडोला राहवलं नाही. त्याने माझी परवानगी विचारली नाही, नंजालाची विचारली असेल. एका संध्याकाळी तो मडक्यापाशी उभा राहिला.

"ऐका," तो म्हणाला. "सितुमाने काही केलेलं नाही. तो मी होतो. नोव्हेंबरात. मोटरसायकल वगैरे सगळं खोटं."

मी कुंपणाला धरून उभी होते. मला वाटलं, सुटले, आणि लगेच वाटलं, हा मेला.

मग वालुबेंगो मास्तर उठले आणि त्यांनी मुयुंडोला मिठीच मारली. "याला म्हणतात बाकोकी!" मास्तर त्याची पाठ थोपटत होते. "भावाच्या बायकोची अब्रू जाते म्हणून हा पठ्ठ्या स्वतःवर घेतोय!"

"अहो मास्तर, मी खरंच..."

"बस, बस. आम्हाला कळलं. तुझ्यासारखा माणूस या डोंगरावर नाही."

"मुयुंडो आणि नसबंदी!" चेमियातीला हसता हसता ठसका लागला. "नळी द्या रे त्याला, नवी नळी!"

मुयुंडोने आईची शपथ घेतली, त्यावर तर ते आणखीच गहिवरले. दोघा बापांनी तिथल्या तिथे पुढच्या खेपेच्या ऑगस्टाचं आमंत्रण दिलं. त्याची गोष्ट आता इतकी सुरक्षित झाली होती की ती त्याला स्वतःलाही उघड करता येईना.

माझं मात्र तसंच राहिलं. सितुमाने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मडक्यापाशी बसता बसता म्हणाला, "पोर माझंच आहे. ऑपरेशन फसलं. त्या हॉस्पिटलवाल्यांना बांधायचं काय आणि सोडायचं काय, तेच कळत नाही."

हे मात्र सगळ्यांना चटकन पटलं. इतकं पटलं की जणू वर्षानुवर्षं याचीच वाट बघत होते. "मला माहीतच होतं!" "सरकारी काम!" "माझा मेव्हणा सांगत होता, धाग्याला चिंध्या वापरतात." संध्याकाळ संपेपर्यंत मी पुन्हा पतिव्रता झाले होते. चर्चमधली जागा भरली. मासळीवालीने मला एक मोठी टिलापिया नुसतीच दिली, "बाळासाठी" म्हणून. सितुमाकडे पेटा परत आला. मला इतकं हलकं वाटलं की काही आठवडे मी दुसरं काही बघितलंच नाही.

मग एका सोमवारी नाबांगाला नावाची पोरगी आली. वय अवघं अठ्ठावीस. चार वेळा पोट फाडून चार पोरं झालेली, आणि पाचव्यांदा पोट उघडायला, मग ते नसबंदीसाठी का असेना, डॉक्टर तयार नाहीत. गोळ्या तिला सोसत नाहीत, काडीने रक्त जायला लागतं. तिचा नवरा कुंडू मंदाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, विकायची गाडी चालवतो. त्याला मी दोन वर्षं समजावत होते. मुयुंडोनंतर तयार झालेला तो पहिला माणूस. त्या गुरुवारी तो हॉस्पिटलला जायचा होता.

"तो नाही म्हणतोय, सिस्टर," नाबांगाला म्हणाली.

"का? आता काय झालं?"

ती माझ्या पोटाकडे बघत राहिली. डोळे भरले होते, पण आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"तुमच्या घरातच फसलं, माई. मग आमचं काय? कापूनही घ्यायचं, लोकांची थुंकीही झेलायची, आणि वर पुन्हा दिवस. तुम्हीच सांगा, त्याला काय बोलू मी?"

काय बोलायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. फसलेलं नाही, पोरी. ज्याचं झालं त्याचं उत्तम झालंय, त्याची बायको जिवंत आहे, आणि ती आत्ता तुझ्या मागे बाकावर बसलीय. नंजाला रक्तदाब मोजायला आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे.

हे कोणी मानलं नसतं, असंही मी स्वतःला सांगून बघितलं. पण नाबांगालाने मानलं असतं. बाईने मानलं असतं. आणि संध्याकाळपर्यंत ते तिच्या पोटातून कुंडूकडे, कुंडूकडून मडक्याकडे गेलं असतं.

"सिस्टर, खरंच फसलं ना ते?" तिने पुन्हा विचारलं. मी नाही म्हणावं, असं तिला हवं होतं. तशी ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हो गं," मी म्हणाले. "फसलं."

तिने मान डोलावली, पाठीवरचं पोर सावरलं आणि ती निघून गेली. मी नंजालाला आत बोलावलं आणि तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. तिचा रक्तदाब अगदी उत्तम होता.